किल्लारीनंतरची घरे : एक प्रस्तावना

निसर्गाच्या कोपाविषयी आपल्या भाषेत जे लेखन झाले आहे, त्यातील बहुतांश लेखन त्या कोपाच्या दिवसाचे आहे. पाणी कोणत्या पुलावरून गेले, किती उंबरठे बुडाले, मदतीला प्रथम कोण धावले, मंत्रिमहोदय कोणत्या वाटेने आले आणि काय बोलून गेले, हे सारे तपशीलवार नोंदले जाते. आणि ते नोंदले जावे याविषयी दुमत नाही. परंतु चिखल वाळल्यावर, पंचनामे तहसिलीच्या दफ्तरात जाऊन पडल्यावर आणि वर्तमानपत्रांचे लक्ष दुसऱ्या वार्तेकडे वळल्यावर जो दीर्घ, कंटाळवाणा आणि बिनबोभाट काळ सुरू होतो, ज्या काळात एखादा गाव पुढच्या आपत्तीला अधिक समर्थपणे तोंड देण्यास सिद्ध होतो किंवा पहिल्यापेक्षाही परावलंबी होऊन बसतो, त्या काळाचा इतिहास लिहिण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. प्रस्तुत विषय त्या काळाचा आहे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत व त्यांच्या आसपास घरे पुन्हा कशी उभी राहिली, ती उभारताना सरकार, गवंडी, गावातील बायका आणि बाहेरून आलेल्या संस्था यांच्यात कामाची व अधिकाराची वाटणी कशी झाली, आणि त्या वाटणीतून गावांच्या अंगी काही नवे बळ आले की नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्यास चार-पाच मिनिटे असताना तेरणेच्या काठची भूमी हादरली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. गणपती बोळवून लोक रात्री उशिरा घरी परतले होते आणि गाढ झोपेत होते. औसा आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यांतील किल्लारी, मंगरूळ, तळणी, सास्तूर, होळी, राजेगाव अशी गावे काही क्षणांत दगडमातीच्या राशी होऊन गेली. मृतांची संख्या निरनिराळ्या गणनांत जवळजवळ आठ हजारांपासून पावणेदहा हजारांपर्यंत दिली जाते. धक्का सहाच्या किंचित वरच्या परिमाणाचा होता. जगातील मोठ्या भूकंपांच्या यादीत तो वरच्या ओळींत कोठेही बसणार नाही, आणि तेवढ्या मापाच्या धक्क्याने जपानात किंवा चिलीत एवढी मनुष्यहानी होत नाही. ती येथे झाली याचे एक कारण केंद्र उथळ होते हे, आणि दुसरे, आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे कारण, त्या प्रदेशातील घर हे होय.

त्याआधी एक शब्द भूमीविषयी. दख्खनचे पठार म्हणजे अचल भूमी, असे शाळेच्या भूगोलात पाठ करून मोठ्या झालेल्या पिढ्यांना भूकंप ही हिमालयाच्या पायथ्याची बाब वाटत असे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर उद्ध्वस्त झाले तेव्हा दोष धरणाच्या जलाशयावर ठेवता आला आणि उरलेले पठार पुन्हा निर्धास्त झाले. सरकारी नकाशात लातूरचा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगविलेला होता. तो रंग बदलला तो भूकंपानंतर. किल्लारीच्याही बाबतीत माकणी येथील निम्न तेरणेच्या जलाशयाकडे पुढे बोट दाखविले गेले, त्याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. मात्र भूमीने सूचना दिली नव्हती असे म्हणता येत नाही. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीच्या आसपास लहान धक्क्यांची मालिका झाली होती, जमिनीतून आवाज येत होते, लोक भयभीत झाले होते, तक्रारी वर गेल्या होत्या. पुढे धक्के विरळ झाले आणि भयही विरळ झाले. त्या सूचनेचे काय करावे, हे जिल्ह्याच्या कचेरीला जसे ठाऊक नव्हते तसेच गावालाही ठाऊक नव्हते. कारण कचेरीकडे नकाशा होता पण घराचे ज्ञान नव्हते, आणि गावाकडे घर होते पण त्या घराला जमिनीच्या हालचालीने काय होते याचा अनुभव कित्येक पिढ्यांत कोणाला आला नव्हता.

ते घर कसे होते हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व कथेचे मर्म त्यात आहे. काळ्या बेसाल्टची खाण हाताशी, चुन्याची महागाई, उन्हाळ्याची होरपळ आणि चोरादरोड्यांची जुनी धास्ती, यांतून मराठवाड्याच्या या भागात जी रचना सिद्ध झाली, तिच्यात भिंत दोन-अडीच फूट आणि कधी त्याहूनही जाड असे. या भिंतीला बाहेरून एक दर्शनी थर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत गोटे, कपच्या व चिखल भरलेला. दोन थरांना एकत्र जखडणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड जुन्या, चांगल्या कारागिरांच्या वाड्यांत व गढ्यांत आढळत. परंतु असा दगड घडवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, म्हणून सामान्यांच्या घरांत ते हळूहळू नाहीसे झाले. छत माळवदाचे : लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर कडीपाट आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी दरसाल नवी माती चढविली जाई आणि जुनी सहसा काढली जात नसे. बापाने घातलेल्या मातीवर मुलगा घाली, मुलाच्या मातीवर नातू घाली, असे होता होता कित्येक छपरांवर दोन फुटांचा भार साठला होता.

या घराने माणसांना उन्हापासून आणि दरोडेखोरांपासून शतकानुशतके राखले, आणि त्या पहाटे त्यानेच त्यांना गाडले. तथापि ते सरसकट दोषी होते असे मानणे अन्यायाचे होईल. ज्या घरांत खांब आणि तुळयांची चौकट धड होती, तेथे भिंती ढासळल्या तरी चौकट माळवद डोक्यावर घेऊन उभी राहिल्याचे पुष्कळ ठिकाणी दिसून आले. गावाच्या कडेला कुडाच्या भिंतींच्या आणि गवताच्या छपराच्या झोपड्यांत झोपलेली माणसे बहुधा वाचली. ज्यांना आयुष्यभर पक्के घर लाभले नव्हते त्यांना त्या एका रात्री त्या उणिवेचा लाभ झाला. पहाणी करणाऱ्या अभियंत्यांनी जे निष्कर्ष काढले ते साधे होते : भिंतीचे दोन थर जखडा, कोपरे बांधा, दारा-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर घराभोवती काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा, माळवदावरची माती उतरवा, खांब व तुळई यांच्या सांध्यांना तिरपे आधार द्या. यातील एकही गोष्ट गावच्या गवंड्याला किंवा सुताराला न जमण्यासारखी नव्हती. अडचण होती ती विश्वासाची. ज्याने आपली माणसे दगडाखालून काढली, त्याला दगडाच्या घरात पुन्हा निजण्यास सांगणे हे विज्ञानाच्या दृष्टीने कितीही बरोबर असले तरी माणसाच्या दृष्टीने सोपे नव्हते.

आपत्तीच्या वेळी माणसांनी एकमेकांना हात देण्याची आपली परंपरा जुनी आहे, आणि ती एकाच प्रकारची नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे रयतेसाठी खुली केली, ही कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. तिच्यात अखेर विठ्ठलच महाराच्या रूपाने येऊन दरबारी रक्कम भरतो. सरकारी कोठाराचा हिशेब देवाने चुकता केल्याचे दुसरे उदाहरण कोणत्याही दफ्तरात आढळत नाही, ही गोष्ट वेगळी. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी यांनी धनकवडीस मुलांसाठी अन्नछत्र चालविले. हा दातृत्वाचा मार्ग झाला, त्याची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी केसरीतून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांकरवी दुसराच मार्ग चोखाळला : दुष्काळी संहितेत सरकारने स्वतःच लिहून ठेवलेल्या तरतुदी शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजावून देणे, पीक बुडाले असता सारा तहकूब मागण्याचा त्याचा हक्क आहे हे त्याला सांगणे, आणि तो हक्क मागताना त्याने मान खाली घालू नये अशी व्यवस्था करणे. सरकारला हे पसंत पडले नाही, यावरूनच या मार्गाचे सामर्थ्य लक्षात येते. मदत मिळणाऱ्याला आपणांस काय मिळावयाचे आहे, ते कोणत्या नियमाने आणि कोणाकडून, हे कळणे, ही त्याच्या पुन्हा उभे राहण्याची पहिली पायरी आहे. आणि किल्लारीच्या परिसरात जे थोडे नवीन घडले ते याच पायरीवर घडले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिले काही आठवडे दातृत्वाचे होते. लष्कराचे जवान, डॉक्टर, विद्यार्थी, सेवाभावी मंडळे, सर्व दिशांनी आली. त्यांच्याबरोबर बघ्यांचीही गर्दी आली आणि रस्ते तुंबले. पुण्यातील भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे बाराशे मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ज्ञानप्रबोधिनीने हराळी येथे मुक्काम टाकला, तो पुढे शाळेच्या आणि शेतीशिक्षणाच्या रूपाने कायमचा झाला. आलेले सर्वच असे टिकून राहणारे नव्हते. मदतीचा पहिला ओघ भावनेवर चालतो आणि भावना ओसरली की ओघही ओसरतो, हे दुष्काळापासून महापुरापर्यंत सर्वत्र दिसते, त्यात किल्लारीचे वेगळेपण काही नाही.

वेगळेपण सुरू होते ते पुनर्वसनाच्या आखणीपासून. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्य सरकारने जो कार्यक्रम १९९४ पासून चालविला, त्यात स्थूलमानाने दोन मार्ग होते. जी गावे पूर्णतः नष्ट झाली अशी बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या गावठाणांत वसवावयाची. आणि जेथे घरे मोडली, तडकली, खिळखिळी झाली पण गाव उरला, तेथे मालकांनी आपापली घरे सरकारी अनुदानातून स्वतः दुरुस्त व बळकट करावयाची. पहिल्या मार्गाने सुमारे अठ्ठावीस हजार घरे झाली. दुसऱ्या मार्गाने तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांना हात लागला. वर्तमानपत्रांत, चित्रफितींत आणि पाहुण्यांच्या दौऱ्यांत दिसत राहिले ते पहिले अठ्ठावीस हजार; दुसरे दोन लाख दिसले नाहीत, कारण दुरुस्त झालेल्या घरापुढे उभे राहून फीत कापता येत नाही.

नव्या गावठाणांविषयी जे बोलले गेले आहे त्याची येथे पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही, परंतु काही गोष्टी टाळून पुढे जाता येत नाही. घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरला : भूमिहीनास आणि एक हेक्टरपर्यंतच्या धारकास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, त्याहून अधिक असणाऱ्यास ७५०. म्हणजे भूकंपाने जी विषमता एका रात्रीपुरती उलटीपालटी केली होती, ती सरकारी आराखड्याने विटा-सिमेंटात पुन्हा पक्की करून दिली. सरळ रेषांचे रुंद रस्ते, चौकोनी गल्ल्या, एका साच्याची घरे यांत ढाळज नव्हती, गुरांना जागा नव्हती, कडब्याला आडोसा नव्हता, बळदाची सोय नव्हती. भाऊबंद आणि शेजारी विखुरले गेले. गाव पूर्वीपेक्षा कितीतरी पट विस्तारला आणि तेवढ्या रस्त्यांची, गटारांची, नळांची निगा राखण्याचा बोजा ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या तिजोरीवर पडला. लोकांनी हळूहळू पत्र्याच्या पडव्या काढल्या, भिंती वाढविल्या, चुली बाहेर नेल्या आणि साच्यातले घर आपले करून घेतले. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कार्यकर्त्यांनी या गावांत ग्रामसभांचे मत आराखड्यापर्यंत पोहोचविण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण दाता, ठेकेदार, अभियंता आणि मुदत या चौघांच्या घाईत गावकऱ्याचे मत बहुधा नकाशा निघून गेल्यावर पोहोचे. असे असूनही नवा गाव मागणाऱ्यांत गावकरीच आघाडीवर होते, हे विसरता कामा नये. ज्यांची घरे दुरुस्तीच्या वर्गात बसत होती अशा कित्येक गावांनीही आपणांस उठवून नवीन गावठाण द्यावे म्हणून हट्ट धरला. जुन्या जागेचे भय खरे होते, आणि शेजारच्या गावाला मिळते ते आपल्याला का नाही हा प्रश्नही खरा होता.

म्हणून दुरुस्तीचा मार्ग प्रारंभी अत्यंत मंद चालला. नुकसानीच्या पाहणीत कोणाचे घर कोणत्या वर्गात टाकले यावरून भांडणे झाली. तलाठी, कनिष्ठ अभियंता आणि घरमालक यांच्या तीन याद्या तीन तऱ्हांच्या निघाल्या. अनुदान हप्त्यांनी मिळणार, ते बँकेच्या खात्यात जमा होणार, पहिल्या हप्त्याचे काम तपासल्याखेरीज दुसरा सुटणार नाही, हा शिरस्ता कागदावर चोख होता, परंतु ज्या बाईने बँकेचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता तिला त्या शिरस्त्याचा अर्थ कोण सांगणार? अभियंत्याकडे तीस-चाळीस गावे. तो येई तेव्हा पुरुष रानात असत, आणि बाईशी बोलून घराचा निर्णय होतो ही कल्पना त्याला शिकविलेली नव्हती. वस्तुतः घरात दिवसाचे अठरा तास काढणारी, भिंतीला पोपडा कोठे आला आणि पावसात कोणता कोपरा ओला राहतो हे जाणणारी, मूल कोठे निजवावे हे ठरविणारी तीच होती.

या ठिकाणी प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने सुचविलेली आणि शासनाने मान्य केलेली एक योजना कामी आली. दुरुस्तीच्या कार्यक्रमात लोकसहभागाची सल्लागार म्हणून या संस्थेची नेमणूक झाली, आणि तिने हजारावर गावांत गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून निवडून उभे केले. त्यांचे काम पाहता पाहता वाढले. प्रथम त्यांनी गावसभेत लाभार्थींची यादी आणि नियम मोठ्याने वाचून दाखविले. मग बँकेत खाती उघडून देण्यास मदत केली. मग सिमेंट आणि लोखंड आले की नाही, अभियंता कोणत्या दिवशी येणार, कोणाचा हप्ता का अडला, याचा पाठपुरावा सुरू केला. आणि अखेरीस, जे कोणाच्या कल्पनेतही नव्हते, त्या बांधकामच तपासू लागल्या. पट्ट्यातली सळई कोपऱ्यावर वळवून पुढे नेली आहे की तेथेच तोडली आहे, काँक्रीटला पाणी मारले की नाही, आरपार दगड खरोखर आरपार आहे की दर्शनी बाजूने नुसता मिरविण्यापुरता बसविला आहे, हे त्या गवंड्याला विचारीत आणि गवंड्याला उत्तर द्यावे लागे.

या एका गोष्टीकडे अनेक अभ्यासक स्त्रीसबलीकरणाचा नमुना म्हणून पाहतात. तो आहेच. परंतु शासनाच्या दृष्टीने पाहिले तर तिचा अर्थ आणखी निराळा आहे. दोन लाख घरांच्या बांधकामावर देखरेख करील एवढे अभियंते कोणत्याही सरकारजवळ नव्हते आणि नसतील. ठेकेदारावर देखरेख ठेवण्यासाठी दुसरा ठेकेदार नेमण्याची जी पद्धत आपल्या सार्वजनिक बांधकामांत रूढ आहे तिने फक्त खर्च वाढला असता. ज्याला त्या छपराखाली निजावयाचे आहे, त्याच्या हाती तपासणीचे चार निकष दिले की तो फुकट, चोवीस तास आणि पूर्ण मनापासून तपासतो, हे प्रशासनाला येथे प्रथम एवढ्या विस्ताराने प्रत्ययास आले. हे ज्ञान लोकांना दिल्याने अभियंत्याचे महत्त्व कमी झाले नाही, उलट वाढले. कारण आता त्याला प्रश्न विचारणारे भेटू लागले आणि तांत्रिक अडचण आली तर त्याला निरोप जाऊ लागला.

गवंड्यांची गोष्ट याहून कमी सांगितली गेली आहे. वडार, गवंडी, सुतार ही मंडळी बलुत्याच्या जुन्या व्यवस्थेत गावाच्या उत्पन्नातून पोसली जात होती आणि त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे येत होती. त्या व्यवस्थेतला अन्याय मोठा होता आणि ती मोडली हे योग्यच झाले, परंतु तिच्याबरोबर कारागिराची विद्या तपासून घेणारी, चांगल्या कामाचा मान करणारी गावची नजरही गेली. आरपार दगड भिंतीतून नाहीसा झाला त्याचे एक कारण हेही आहे. भूकंपानंतर गवंड्यांच्या शिबिरांत नवीन असे फारसे काही शिकविले गेले नाही. जुन्या चांगल्या बांधकामातले नियम, सिमेंट आणि सळई यांची भर घालून, कारणांसह सांगितले गेले. कारण कळल्यामुळे गवंडी घरधन्याला समजावू शकला, आणि घरधनी दगडावर पुन्हा विश्वास ठेवू लागला, निदान काही गावांत. पुष्कळांनी मात्र दगड कायमचा टाकला. पांढरीतल्या जुन्या वाड्यांचा घडीव दगड राशींत पडून राहिला आणि नव्या भिंती विटांच्या झाल्या.

सहकार्य म्हणजे गोडीगुलाबी, असा समज असेल तर तो या हकिकतींनी दूर होईल. जेथे गावचे पुढारी बळकट होते तेथे संवाद सहायक त्यांच्याच घरची निवडली गेली. जेथे ती तशी नव्हती तेथे तिला टोमणे ऐकावे लागले. ज्याचे घर स्वतःच्या मालकीच्या जागेवर नव्हते, गायरानावर किंवा दुसऱ्याच्या आवारात होते, त्याला दुरुस्तीचे अनुदान मिळविणे सर्वांत जड गेले, कारण कागद नव्हता. कागद नसणे हे आपल्या देशात दारिद्र्याचे कारणही आहे आणि लक्षणही. शिवाय बायकांच्या माथी घर, शेत आणि मजुरी यांवर हे चौथे काम आले. हे सर्व खरे असूनही जे भांडण गावच्या चावडीवर, सर्वांच्या समक्ष, नियम वाचून झाले, ते तहसिलीच्या व्हरांड्यात एकेकट्याने केलेल्या आर्जवापेक्षा गावाला अधिक शिकवून गेले. शासनाने अशा वेळी मागे सरावे असे जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. येथे पैसा शासनाचा होता, नियम शासनाचे होते, हप्ता रोखण्याचा धाक शासनाचा होता. तो नसता तर कोणत्याही संस्थेची किंवा मंडळाची विनवणी ठेकेदाराने ऐकली नसती. प्रश्न शासन किती असावे हा नसून ते कोणाशी बोलते हा होता.

या अनुभवाचे पुढे काय झाले याचा मागोवा घेणे मनोरंजक आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छची भूमी हादरली तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तेथे गेल्या आणि कच्छच्या बायकांना आपल्या अनुभवाच्या गोष्टी सांगू लागल्या : पंचनाम्याच्या वेळी घरी थांबा, वर्ग कोणता लिहिला ते विचारा, पट्टा तोडू देऊ नका. भाषा निराळी, तिकडचे भुंगे (गोल घरे) निराळे, पण दगड-मातीची भिंत तीच. गुजरात सरकारने बहुसंख्य घरे मालकांकरवीच बांधून घेण्याचे धोरण स्वीकारले, त्यामागे महाराष्ट्राचे हे उदाहरण, त्याच्या यशापयशासह, होते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही अशा भेटी झाल्या. पुढे वारंवारच्या अवर्षणात याच भागातील बायकांनी बचत गटांच्या आधारे कुटुंबाच्या शेतातला एखादा एकर आपल्या ताब्यात मागून घेऊन त्यात घरी खाण्याजोगी डाळी-कडधान्ये, ज्वारी, भाजीपाला अशी मिश्र पिके घेण्यास प्रारंभ केला. भूकंपाचे आणि अवर्षणाचे काय नाते, असे कोणी विचारील. घराच्या दुरुस्तीत ज्यांनी प्रथम सभेत उभे राहून बोलण्याचा, अधिकाऱ्याला प्रश्न विचारण्याचा आणि बँकेत स्वतः जाण्याचा सराव केला, त्यांनाच पुढे नवऱ्याकडे एक एकर मागता आला. नाते आहे ते एवढेच, आणि ते पुरेसे आहे.

इतर आपत्तींना हे जसेच्या तसे लागू करता येईल असा माझा दावा नाही. भूकंप एकदा येऊन जातो; कृष्णा आणि पंचगंगा २००५, २०१९ व २०२१ अशा पुन्हा पुन्हा येतात, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले तेव्हा प्रश्न घराच्या भिंतीचा नव्हता, तर नदीपात्रातील बांधकामांचा, धरणांतून सोडलेल्या पाण्याचा आणि दोन राज्यांतील आपसातल्या निरोपांचा होता; तो कोणत्याही एका गावाला सोडविता येण्याजोगा नाही. माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला तेव्हा गावातून निरोप धाडण्यास कोणी उरले नव्हते, आणि गाव जागेवर नाही ही गोष्ट एस. टी. च्या चालकामुळे बाहेर कळली. तेथे आधीची दक्षता, उताराची पाहणी आणि वेळीच स्थलांतर यांखेरीज दुसरे सहकार्य संभवत नाही. प्रत्येक आपत्तीची स्वतःची रीत असते आणि तिच्याशी करावयाच्या तयारीचीही.

किल्लारीच्या बाबतीत आज जो प्रश्न उभा आहे तो अगदी साधा आणि अगदी अवघड आहे. १९९४ ते १९९८ या वर्षांत शिकलेले गवंडी आता उतारवयात आहेत, संवाद सहायक आज्या झाल्या आहेत, आणि ज्यांनी तो हादरा अनुभवला नाही अशी पिढी घरावर घर चढवीत आहे. दुसऱ्या मजल्याला पट्टा आहे का, जुन्या भिंतीवर नवा भार किती घालावा, हे पाहण्याचा अधिकार कागदोपत्री ग्रामपंचायतीकडे आहे, आणि तेथे बांधकामाची परवानगी देताना नकाशा आणि शुल्क यांपलीकडे फारसे काही विचारले जात नाही. अनुदान नाही, हप्ता नाही, म्हणून तपासणीही नाही. पुनर्वसनाच्या काळात गावसभेत नियम वाचून दाखविण्याचा जो प्रघात पडला होता तो पैसा संपताच बंद झाला. तो पैशाशिवाय चालू ठेवता आला असता का, याचे उत्तर पुढील प्रकरणांत शोधलेले आहे, आणि वाचकाने ते माझ्या अनुमानांपेक्षा त्या गावांच्या हकिकतींवरूनच पारखून पाहावे.